जुना ट्रॅक्टर, जुना मोवर : घ्यावा की घेऊ नये?

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



लागणीच्या नोंदी घेत पहूर, शेंदुर्णी, नेरी, फत्तेपूर या भागांत फिरताना उसाच्या गोष्टी सोडून एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. "साहेब, गवत कापायचा जुना मोवर मिळून राहिला. आपल्या जुन्या ट्रॅक्टरले चालीन का?" कोणी तो लिलावात पाहून आलेला असतो, कोणाला भंगारवाल्याकडे दिसलेला असतो, तर कोणाच्या पाव्हण्याकडे तो गोठ्यामागे उभा असतो. प्रत्येकाला वेगळे उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे म्हणून हा लेख.

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्यामागे घरोघरची अडचण आहे. गळीत हंगाम चालू असतो तोवर उसाचे वाडे मिळते आणि जनावरांचे भागते. तेव्हाही नुसत्या वाड्यावर जनावर ठेवू नये. वाड्यात ऑक्झलेट असते, त्याने जनावराच्या अंगातले कॅल्शियम कमी होते, म्हणून जोडीला दुसरा हिरवा चारा आणि खनिज मिश्रण हवेच. कारखान्याचा भोंगा बंद झाला की वाडेही संपते. मग घास, कडवळ, मका यांच्यावर मदार. आखाजीला सालदार बदलतो, नवा मिळेलच असे नाही, आणि विळा शेवटी घरच्या बाईच्या हातात येतो. सकाळचा स्वयंपाक, मग घासाचा भारा, मग धारा. चाऱ्याचा हिशेब मांडताना हे कष्ट आपण कधी धरतच नाही. म्हणून मोवरचा विचार करणाऱ्याला आम्ही उधळ्या म्हणणार नाही.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्याकडे पंचवीस ते पस्तीस अश्वशक्तीचा जुना पण चालू ट्रॅक्टर आहे, त्याने कातरीच्या पद्धतीचा जुना मोवर घ्यायला हरकत नाही. मात्र तो पारखून घ्यावा, चार-सहा जणांनी मिळून घ्यावा आणि त्याची निगा एकाच माणसाकडे द्यावी. या तिन्हींपैकी एकही गोष्ट जमणार नसेल तर विळाच बरा. आता कारणे सांगतो.

हे यंत्र आहे तरी काय

बाजारात 'मोवर' म्हणून दोन वेगळ्या जातींची यंत्रे मिळतात. एकात पाती गरगर फिरतात आणि गवत झोडपून तोडतात. दुसऱ्यात एका लांब पट्टीवर त्रिकोणी दाते रिव्हेटने बसवलेले असतात. ही पट्टी लोखंडी बोटांच्या मधून डावी-उजवी सरकते आणि गवत कात्रीसारखे कापले जाते. आम्ही बोलतो आहोत ते या दुसऱ्या जातीबद्दल.

ही युक्ती फार जुनी आहे. अमेरिकेत सायरस मॅककॉर्मिक याने १८३१ साली आपले कापणी यंत्र शेतात चालवून दाखवले, आणि ओबेड हसी याने १८३३ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे मॅककॉर्मिकची कंपनी आणि इतर काही कंपन्या १९०२ साली एकत्र येऊन 'इंटरनॅशनल हार्वेस्टर' झाली. त्याच कंपनीने महिंद्र आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत आपल्या देशात बी-२७५ ट्रॅक्टर आणला. म्हणजे आपल्याकडे ज्याला आजही कौतुकाने 'इंटरनॅशनल' म्हणतात तो ट्रॅक्टर आणि हा मोवर एकाच घराण्यातले आहेत. दोनशे वर्षे होत आली तरी दाते आणि बोटे तीच आहेत. ज्याला ही रचना समजली त्याला बांधावर बसून यंत्र दुरुस्त करता येते, हा जुन्या मोवरचा मोठा गुण.

जुन्या ट्रॅक्टरशी जमते का?

जमते, आणि चांगले जमते. पाच फुटी कातरीच्या मोवरला पाती चालवण्यापुरती अडीच-तीन अश्वशक्ती लागते. तेवढ्याच रुंदीच्या गरगर फिरणाऱ्या मोवरला दहा तरी लागते, शिवाय ट्रॅक्टर ओढायची ताकद वेगळी. इंटरनॅशनल बी-२७५ असो, मॅसी १०३५ असो की झेटर २५११ असो, या वयाच्या इंजिनाला फिरत्या मोवरखाली दम लागतो. कातरीच्या मोवरखाली ते रमतगमत चालते. हा मोवर इंजिनाकडून थोडे मागतो, मालकाकडून मात्र फार मागतो.

वेगाचाही हिशेब पाहा. पाच फुटी पट्टी ताशी पाच किलोमीटर वेगाने चालवली आणि वळणे, अडथळे धरले, तर तासाला सव्वा एकर कापून होते. यातच एक मेख आहे. आपल्यापैकी बहुतेक जण घास रोज दोन-तीन गुंठेच कापतात. एवढ्यासाठी रोज ट्रॅक्टर काढाल तर डिझेलने घास महाग पडेल. हा मोवर परवडतो तो कडवळाचा किंवा घासाचा अख्खा प्लॉट एका दमात कापून वाळवायचा असेल, कुट्टी करून मुरघास भरायचा असेल, किंवा चार घरांचे प्लॉट पाळीपाळीने कापायचे असतील तेव्हा.

ऊस बागायतदाराला याचा आणखी एक उपयोग आहे. पूर्वहंगामी लागणीआधी आपण ताग करतो आणि पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, फुले लागण्याच्या सुमारास तो गाडतो. उभा ताग नांगराला गुंडाळतो आणि जुना ट्रॅक्टर अडतो. आधी मोवरने आडवा केला की नांगर सुखाने चालतो.

आता काय करू नये तेही ऐका. या मोवरने ऊस कापता येत नाही. खोडव्याचे बुडखे छाटता येत नाहीत. पाचटाची कुट्टी होत नाही. "लावून तर पाहू" म्हणून बुडख्यांत घातला तर दाते मोडतील, दांडा वाकेल आणि दोन दिवसांत यंत्र भंगारात जाईल. बुडखे छाटायचे यंत्र वेगळे आणि पाचटाचे यंत्र वेगळे. पाचटाच्या यंत्राला मोठा ट्रॅक्टर लागतो, ते भाड्याने आणावे. पण पाचट जाळू नये. ते आम्ही दर अंकात सांगतो, पुन्हा सांगतो.

घेताना काय पाहावे

जुने यंत्र म्हणजे जुने जनावर. दात पाहिल्याशिवाय दाव्याला हात लावू नये. जाताना फुटपट्टी, दोरी आणि जाणता फिटर सोबत न्यावा.

१) पट्टी आणि दाते. पट्टी बाहेर काढून सपाट जमिनीवर ठेवावी. वाकलेली किंवा जागोजाग वेल्डिंग केलेली असेल तर तिथेच भाव पाडावा, नाहीतर परत यावे. दाते झिजून अरुंद झालेत का, रिव्हेट ढिले आहेत का, पाहावे. दात्यांचे माप पुष्कळदा तीन इंची असते आणि गव्हाच्या काढणीला येणाऱ्या कंबाइनचे दातेही त्याच मापाचे असतात, त्यामुळे सुटे दाते मिळण्याची अडचण कमी. पण भोकांचे अंतर जुळवून घ्यावे. कंबाइनचे दाते करवतीसारख्या धारेचे असतात, हिरव्या चाऱ्याला गुळगुळीत धारेचेच घ्यावेत.

२) बोटे. बोटांच्या आत जी पोलादी पट्टी असते तिच्यावर दाता घासून कापतो. ती पट्टी गोल झाली असेल तर नवीन दाते टाकूनही गवत चिरडले जाईल, कापले जाणार नाही. सर्व बोटे एका ओळीत आहेत का, हे दोरी ताणून पाहावे.

३) मध्य. यंत्र हाताने फिरवावे. पट्टी एका टोकाला पोचते तेव्हा दाता बोटाच्या मधोमध येऊन थांबला पाहिजे, दुसऱ्या टोकालाही तसेच. एका बाजूला पुढे आणि एका बाजूला मागे राहत असेल तर दांडा किंवा त्याची बेअरिंग गेली समजावे.

४) पुढावा. कापणारी पट्टी बाहेरच्या टोकाला थोडी पुढे हवी. पाच फुटी पट्टीला सव्वा ते दीड इंच पुढावा पाहिजे. चालताना गवताच्या भाराने टोक मागे सरते आणि पट्टी सरळ होते. उभ्या यंत्रातच टोक मागे पडलेले दिसले तर सांधे झिजले आहेत.

५) खटका. दगडाला, खुंटाला पट्टी अडली की ती मागे मोकळी व्हावी म्हणून एक खटका असतो. पुष्कळ जुन्या यंत्रांत तो वारंवार सुटतो म्हणून कोणीतरी वेल्डिंग मारून बंद केलेला असतो. असे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. खटका बंद म्हणजे पुढचा दगड थेट तुमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या पेटीला लागणार.

६) शाफ्ट. पीटीओचा शाफ्ट सहा दात्यांचा आहे का, आपल्या ट्रॅक्टरला बसतो का, पाहावे. यंत्र उचलल्यावर शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत टेकता कामा नयेत, आणि खाली सोडल्यावर निसटता कामा नयेत. वरचे प्लॅस्टिकचे आवरण नसेल तर त्याची किंमत धरूनच सौदा करावा.

ट्रॅक्टरकडेही पाहावे. पीटीओला ५४० फेरे इंजिनाच्या कोणत्या वेगाला मिळतात ते फिटरकडून मोजून घेऊन मीटरवर खूण करावी. लिफ्ट वजन धरते का, उचललेले यंत्र आपोआप खाली बसते का, बाजूच्या साखळ्या ताणतात का, हे तपासावे. ज्या जुन्या ट्रॅक्टरला एकच क्लच आहे त्यात क्लच दाबला की चाके आणि पीटीओ दोन्ही थांबतात. दाट गवतात पट्टी अडकू लागली तर गिअर काढून, क्लच सोडून आधी पट्टी मोकळी होऊ द्यावी, मग पुढे जावे. चालवणाऱ्याने ही सवय पहिल्या दिवशीच लावून घ्यावी. एचएमटीच्या ट्रॅक्टर कारखान्याला टाळे लागले २०१६ साली, तेव्हा झेटरवाल्यांनी पीटीओचे आणि लिफ्टचे सुटे भाग आधी हाताशी आणावेत आणि मगच मोवर आणावा.

किमतीबाबत एवढेच सांगतो. मागितलेल्या किमतीत दाते, बोटे, बेअरिंग, शाफ्ट आणि फिटरची मजुरी मिळवावी. ही बेरीज नव्या यंत्राच्या निम्म्यावर गेली तर जुने घेण्यात अर्थ नाही. नव्या यंत्राला सरकारी योजनेतून अनुदान मिळण्याचा मार्ग असतो, जुन्याला नसतो, तोही फरक धरावा.

निगा म्हणजे पूजा नव्हे

आपल्याकडे दसऱ्याला यंत्राला हार घालतात आणि दुसऱ्या दिवशी ते पावसात उभे करतात. मोवरला हार नको, तेल हवे.

काम चालू असताना दर दोन-तीन तासांनी थांबून दात्यांच्या पट्टीला तेल द्यावे आणि दांड्याच्या टोकाला ग्रीस मारावे. पट्टी दाबून धरणाऱ्या पकडी फार घट्ट असल्या की पट्टी तापते, ढिल्या असल्या की गवत मधे शिरून चिरडते. पकडीखालून जाडसर कागद जाईल एवढीच फट असावी. धार लावताना मूळ उतार कायम ठेवावा. ग्राइंडरवर दाबून धरून दाता निळा होऊ दिला की त्याचे पाणी गेले, मग धार टिकत नाही. थोडे घासावे, पाण्यात बुडवावे, पुन्हा घासावे. धार लावलेली दुसरी पट्टी बांधावर तयार असली तर काम अडत नाही. मोवरबरोबर दुसरी पट्टी मिळत असेल तर चार पैसे जास्त द्यावेत.

कापणी जमिनीपासून दोन-तीन इंचांवर ठेवावी. खाली घेतली की माती आणि खडे दात्यांत जातात, आणि घासाचा फुटवाही मार खातो. ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतील तर आधी गुंडाळून घ्याव्यात. आपल्या जिल्ह्यात ठिबक नाही असे शेत शोधावे लागते, आणि मोवरला नळी आणि गवत यांतला फरक कळत नाही.

हंगाम संपला की पट्टी बाहेर काढावी, चिकाचा थर धुऊन काढावा, इंजिनाचे जुने तेल लावून पोत्यात गुंडाळावी आणि भिंतीला आडवी, तीन-चार ठिकाणी आधार देऊन टांगावी. कोपऱ्यात तिरकी उभी केली की पावसाळाभरात ती वाकते. तेलाच्या पैशांत राहणारी गोष्ट मग पट्टीच्या किमतीला जाते.

हात-पाय सांभाळा

मळणी यंत्रात मजुरांचे हात जाऊ लागले तेव्हा सरकारला १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. तो मळणी यंत्रापुरता आहे. आपल्या शेतातल्या मोवरपाशी कोणी निरीक्षक येऊन उभा राहणार नाही. तिथे कायदा आपणच.

पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. पदर, धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक त्याला लागले तर "थांबव" म्हणायच्या आत नऊ वेढे बसलेले असतात. म्हणून आवरणाशिवाय शाफ्ट फिरवायचाच नाही, हा नियम घरातल्या सर्वांना सांगावा. पट्टीत गवत अडकले की आधी पीटीओ काढायचा, मग इंजिन बंद करायचे, चावी खिशात घालायची आणि मगच हात लावायचा, तोही काठीने. इंजिन बंद असले तरी हाताने पट्टी हलवताना ती एकदम सरकते आणि बोट जायला तेवढे पुरते. मोवर चालू असताना पुढे-मागे पोरे, कुत्री, बकऱ्या नकोत. रस्त्याने जाताना पट्टी उभी करून बांधावी आणि तिच्यावर पोते गुंडाळावे.

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पोराला बसवून नेण्याची आपल्याकडे हौस फार. नांगरटीलाही ते चूक, मोवरच्या वेळी तर पाप आहे.

एकट्याने की भागीत?

आमचा आग्रह भागीदारीचा आहे. एका घराचा चारा या यंत्राला पुरत नाही. ते महिन्यातून दोन दिवस चालते आणि अठ्ठावीस दिवस गंजते. शेजारशेजारच्या सहा घरांनी मिळून घेतले तर पाळ्या लागतात, घास पंचवीस-तीस दिवसांनी कापणीला येतो तो प्रत्येकाचा वेळेवर निघतो, आणि खर्चही वाटला जातो.

पण भागीचे यंत्र म्हणजे सर्वांचे आणि कोणाचेच नाही, असे होऊ नये. म्हणून ज्याला लोखंडाची आवड आहे अशा एकाकडे ते सोपवावे आणि त्याला त्याचा तासाचा मोबदला द्यावा. एका वहीत तारीख, तास, टाकलेले दाते आणि झालेला खर्च लिहावा. दगडाला लागून दाता मोडला तर ज्याच्या शेतात मोडला त्याने भरावा, झिजून गेला तर सर्वांनी, हे आधीच ठरवावे. निम्मी भांडणे इथेच मिटतात. आपण सहकारात आहोत. एवढा मोठा कारखाना मिळून चालवणाऱ्यांना सहा घरांत एक मोवर चालवणे अवघड जाऊ नये.

या संदर्भात संचालक मंडळासमोर आमची एक सूचना आहे. गळीत बंद झाल्यावर कारखान्यात दुरुस्तीचा काळ असतो. त्या काळात एक-दोन दिवस सभासदांनी आणलेली जुनी शेती यंत्रे आपल्या वर्कशॉपच्या अनुभवी फिटरांनी तपासून द्यावीत आणि सुट्या भागांचा सल्ला द्यावा. यात कारखान्याचा फार खर्च नाही. सभासदाचे पैसे मात्र वाचतील, आणि एखाद्याचे बोटही.

बांधाचे गवत

शेवटी एक गोष्ट, जी हिशेबाच्या वहीत बसत नाही. मोवर हाती आला की बांधही त्यानेच सफाचट करावे असे वाटते. पट्टी आडवी-तिरपी होते, त्यामुळे ते जमतेही. पण आपल्या बांधावरचे गवत निंदणीला येणाऱ्या बाया संध्याकाळी जाताना कापून नेतात. त्यांच्या घरची शेळी किंवा एखादी म्हैस त्यावर जगते. हा रिवाज कोणी कागदावर लिहिलेला नाही, तरी तो मजुरीचाच भाग आहे. तो मोडला तर निंदणीला माणूस मिळत नाही म्हणून ओरड करण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही. शिवाय बांधावर दगड आणि बाभळीचे खुंट असतात, तिथेच दाते मोडतात. तेव्हा प्लॉट मोवरने कापावा आणि बांध विळ्याला सोडावा. त्यात यंत्राचेही भले आहे आणि माणसाचेही.

जुन्या वस्तूला नावे ठेवणे सोपे, आणि जुनी वस्तू स्वस्त मिळाली म्हणून उचलून आणणेही सोपे. पारखून घेणे आणि जपून वापरणे अवघड, पण घरच्या बाईच्या डोक्यावरचा भारा उतरतो तो त्यानेच. ज्या सभासदांच्या मनात असे यंत्र घेण्याचे आहे त्यांनी सौदा करण्यापूर्वी आपल्या गट कार्यालयातील शेतकी कर्मचाऱ्यास कळवावे. आम्ही सोबत येऊन यंत्र पाहू. पावसाळ्याच्या तोंडावर घाईने घेण्यापेक्षा उन्हाळ्यात सावकाश पाहून घ्यावे, अशी सर्वांस विनंती आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी